शिस्तीच्या देशातली कंत्राटी बाई

जपानमधून परत आल्यापासून एक वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही : 'तिथली मुलं स्वतः शाळा झाडतात!' पाहुणे भाषणात हे सांगतात, संस्थाचालक माना डोलावतात, टाळ्या पडतात, आणि सभा उठली की सतरंज्या गोळा करायला, हॉल झाडायला शाळेच्या मावशी येतात. जपानची शिस्त, जपानचं वेळापत्रक, जपानचा नम्रपणा! आपल्या मध्यमवर्गानं जपानला देवघरातच बसवलं आहे. बसवा बापडे. पण ही शिस्त कोणाच्या कष्टांवर उभी आहे असं विचारलं की सगळे गप्प होतात. म्हणून हा लेख.

झाडतात, हे खरं आहे. २०१४ ते २०१८ अशी चार वर्षं मीही त्यांच्याबरोबर झाडलं. जेवणं आटोपली की गाणं लागतं आणि मुलंमुली ओली फडकी दाबत व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून धावतात. मुलगेसुद्धा. माझ्या वर्गातले तेरा वर्षांचे मुलगे बटण शिवत, मिसोचं सार करत. हे काही संस्कृतीतून आपोआप उगवलेलं नाही. पूर्वी माध्यमिक शाळेत गृहशास्त्र मुलींना आणि तांत्रिक विषय मुलांना, अशी सरळ वाटणी होती. १९७४ साली इचिकावा फुसाए आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी गट स्थापन करून हा विषय मुलामुलींना एकत्र शिकवा अशी मागणी लावून धरली. १९९३ मध्ये माध्यमिक आणि १९९४ मध्ये उच्च माध्यमिक शाळांत ती मान्य झाली. वीस वर्षं लागली. आपल्याकडचे वक्ते ज्याला 'जपानी संस्कार' म्हणतात, त्यातला हा भाग स्त्रियांच्या चळवळीनं मिळवलेला आहे!

आणि हे मुलगे मोठे होऊन घरी काय करतात? २०२१ च्या सरकारी पाहणीप्रमाणे सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरात घरकाम आणि बालसंगोपन मिळून बायको दिवसाला सरासरी ७ तास २८ मिनिटं राबते, नवरा १ तास ५४ मिनिटं. शाळेतलं फडकं शाळेतच राहतं.

मी तिथं इंग्रजीची 'सहायक भाषा शिक्षिका' होते. सरकारनं १९८७ मध्ये परदेशी तरुणांना शाळांत आणण्याची योजना सुरू केली, तिच्यातून येणाऱ्यांचं बरं असतं. माझ्यासारख्या बऱ्याच जणी मात्र माणसं पुरवणाऱ्या खाजगी कंपन्यांमार्फत येतात. नगरपालिका कंपनीला कंत्राट देते, कंपनी आम्हाला शाळेत धाडते. व्हिसासाठी कुठलीही पदवी चालते, शिक्षकाचं प्रशिक्षण लागत नाही. माझ्याकडे एम.ए., बी.एड. आणि नऊ वर्षांचा अनुभव होता. एका खाजगी इंग्रजी वर्गाच्या मुलाखतीत मला अतिशय नम्रपणे सांगण्यात आलं, की 'तुमचं इंग्रजी उत्तम आहे, पण पालकांना नेटिव्ह हवा असतो'. नेटिव्ह! हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांसाठी कोण वापरत असे, ते आठवून मला हसूच आलं. तिथं त्याचा अर्थ नेमका उलटा, म्हणजे गोरा. ती जागा नुकत्याच पदवीधर झालेल्या एका अमेरिकन मुलाला मिळाली.

शाळेत सगळ्यांना आडनावापुढे 'सेन्सेई' लावून हाक मारतात. मला मात्र नुसतं पहिल्या नावानं, मुलंही आणि कधीकधी सहकारीही. त्यात प्रेम होतं, नाही असं नाही. पण वर्गातल्या पन्नास मिनिटांत मी उच्चार करून दाखवायचे, खेळ घ्यायचे, हसायचं. गुण देण्याचा अधिकार नाही, एकटीनं वर्ग घेण्याची परवानगी नाही. त्यात एक गंमत अशी, की कंपनीचं कंत्राट 'काम करून देण्याचं' असलं, तर शाळेतल्या शिक्षकानं मला थेट सूचना देणं हेच कायद्यात बसत नाही. सूचना द्यायची तर ती कंपनीमार्फत. आम्ही दोघी एकाच फळ्यासमोर उभ्या, आणि तिनं 'पान बारा घे' म्हणणंही बेकायदा!

कायम शिक्षिका होता येत नव्हतं का, असं इथले लोक विचारतात. १९९१ च्या शिक्षण मंत्रालयाच्या सूचनेप्रमाणे जपानी अध्यापन परवाना मिळवलेल्या परदेशी नागरिकाला सरकारी शाळेत मुदत नसलेला 'व्याख्याता' होता येतं, पण जपानी नागरिक ज्या पदावर असतो ते पद नाही, आणि वर चढायचीही सोय नाही. तिथंच जन्मलेल्या कोरियन वंशाच्या शिक्षिकांनाही हाच नियम. आपले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये टोकियोच्या एदोगावा विभागातून निवडून आले आणि २०२३ मध्ये इबाराकी प्रांतातल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले, याचा आनंद मलाही झाला. पण त्यांनी जपानी नागरिकत्व घेतलं होतं, हे बातमी वाचताना लक्षात ठेवायला हवं.

आता कराराकडे येते, कारण खरी गोम तिथं आहे. माझा करार एक वर्षाचा, एप्रिल ते मार्च. आठवड्याला कामाचे तास साडेएकोणतीस. हा अर्धा तास कुठून आला? तीस तास भरले की आरोग्यविमा आणि पेन्शनचा निम्मा हप्ता कंपनीवर पडतो, असा हिशोब होता. प्रत्यक्षात मी सकाळी आठला शाळेत हजर आणि चारपर्यंत तिथंच, पण मधल्या रिकाम्या तासांना 'विश्रांती' म्हणायचं. २०१६ पासून कायद्यानं ही पळवाट टप्प्याटप्प्यानं आवळली आहे. माझ्या वेळी ती सताड उघडी होती. ऑगस्टमध्ये सुटी, म्हणून पगार अर्धा. घरभाडं मात्र ऑगस्टमध्ये अर्धं होत नाही! ते घर मिळतानाही मारामार. २०१७ च्या सरकारी पाहणीत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी शंभरातल्या सुमारे चाळीस जणांनी आपण परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं. मला तीन नकार मिळाले, प्रत्येक वेळी कमरेत वाकून.

साडेएकोणतीस तासांचा बाईसाठी आणखी एक अर्थ आहे, आणि तो करारात कुठंच लिहिलेला नसतो. तिथं बाळंतपणाची रजा प्रत्येक कामगार बाईला आहे : आधी सहा आठवडे, नंतर आठ. पण त्या रजेतला भत्ता, पगाराच्या दोनतृतीयांश, हा कंपनीच्या आरोग्यविम्यातून मिळतो. पालिकेच्या राष्ट्रीय विम्यात असाल तर प्रसूतीची एकरकमी मदत मिळते, हा भत्ता नाही. म्हणजे कंपनीनं वाचवलेला अर्धा तास शेवटी बाळंतिणीच्या ताटातून कापला जातो.

माझ्याबरोबर शेजारच्या शाळेत एक फिलिपिनो मैत्रीण होती. ती मला 'आते' म्हणायची. त्यांच्या भाषेत आते म्हणजे ताई. मी तिला सांगितलं, की आमच्याकडे आते म्हणजे बापाची बहीण, आणि मग आम्ही खूप हसलो. तिला दिवस गेले. तिनं नोव्हेंबरमध्ये कंपनीला कळवलं. जानेवारीत पत्र आलं, 'पुढील वर्षी आपल्यासाठी योग्य शाळा उपलब्ध नाही'. गरोदरपणावरून काढणं तिथं बेकायदा आहे. म्हणून काढलं नाही. करार वाढवला नाही, एवढंच. नोकरीबरोबर व्हिसाचा आधार गेला, आणि नोकरी सुटल्याचं चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवायची जबाबदारी मात्र तिचीच.

हे परदेशी बाईचंच दुखणं आहे असं समजू नका. माझ्या शेजारच्या टेबलावर गणिताच्या बाई बसत. कायम नोकरी, पंधरा वर्षांचा अनुभव. १९७१ च्या कायद्यानं सरकारी शिक्षकांना पगाराच्या चार टक्के देऊन जादा कामाच्या भत्त्याचा विषयच संपवला होता. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानी माध्यमिक शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला, पाहणी झालेल्या देशांत सर्वांत लांब. संध्याकाळी साडेसातला त्या खेळाच्या सरावावरून परत येत आणि कोपऱ्यात उभ्या राहून दबक्या आवाजात घरी फोन करत. नवऱ्याची बदली झाली तेव्हा त्यांनी राजीनामा दिला आणि दुसऱ्या शहरात तासिकेवर शिकवू लागल्या. म्हणजे माझ्या रांगेत येऊन उभ्या राहिल्या. जपानमध्ये नोकरी करणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणी अशाच हंगामी, अर्धवेळ किंवा कंत्राटी आहेत.

हे कसं झालं? १९८५ हे साल पाहा. समान रोजगार संधी कायदा झाला, जपाननं स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. आपल्या कार्यकर्त्या या गोष्टी अभिमानानं सांगतात. पण त्याच वर्षी माणसं पुरवण्याच्या धंद्याला मान्यता देणारा कायदाही झाला. आणि त्याच वर्षीच्या पेन्शन सुधारणेनं नोकरदाराच्या गृहिणी बायकोला स्वतः हप्ता न भरता पेन्शन देऊ केली, अट एवढीच की तिची कमाई ठराविक मर्यादेच्या आत राहावी. तिन्ही गोष्टी १९८६ मध्ये अमलात आल्या. एका हातानं समानतेचा कागद, दुसऱ्या हातानं कंत्राट, आणि वर 'फार कमवू नका, नुकसान होईल' हा प्रेमळ सल्ला! पुरुषासारखी रात्री दहापर्यंत राबणार असशील तर समान, नाहीतर अर्धवेळ. पुरुषाचं वेळापत्रक बदलायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

या 'आदर्शा'शी आपलं नातं जुनं आहे. अण्णासाहेब कर्वे यांच्या हाती टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका पडली, १९१५ च्या सामाजिक परिषदेत त्यांनी स्वतंत्र महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केलं. त्या शिक्षणानं आपल्या कित्येक पिढ्या उभ्या राहिल्या, ते ऋण आहेच. पण बोटीतून त्याच्याबरोबर 'सुगृहिणी आणि सुज्ञ माता' हेही सामान आलं. जपानमध्ये याला 'र्‍योसाई केन्बो' म्हणतात. बाईनं शिकावं ते घर नीट चालावं म्हणून. शंभर वर्षांनी तिथं काय आहे? नवराबायकोनं एकच आडनाव लावण्याची नागरी संहितेतली सक्ती २०१५ आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उचलून धरली, आणि शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जोडप्यांत आडनाव बदलते ती बायको. २०२५ मध्ये पहिली स्त्री पंतप्रधान आली, तीही वेगळ्या आडनावांना विरोध करत आलेली.

आम्ही नुसत्या रडत बसलो नाही, हेही सांगायला हवं. जपानी कायद्यात एकट्या कामगारालाही कंपनीबाहेरच्या युनियनचं सभासद होता येतं, आणि त्या युनियनशी बोलणी नाकारणं कंपनीला बेकायदा असतं. ओसाकात परदेशी शिक्षकांना घेणारी जनरल युनियन १९९१ पासून आहे, टोकियोत बायकांची स्वतःची युनियन १९९५ मध्ये निघाली. माझी मैत्रीण अशाच एका युनियनमध्ये गेली. तीन बैठका झाल्या. आठव्या महिन्यातलं पोट घेऊन ती टेबलाशी बसली होती, समोर सुटातले चार पुरुष. कंपनीनं चूक मान्य केली नाही. तीन महिन्यांचा पगार दिला, नोकरी दिली नाही. तिसऱ्या बैठकीला आम्ही अकरा जणी बाहेर उभ्या होतो, त्यांतल्या चार जपानी.

हे आत्ता लिहिण्याचं कारण असं, की २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारत आणि जपान सरकारांनी पाच वर्षांत पन्नास हजार कुशल भारतीय मनुष्यबळ तिकडे नेण्याचं ठरवलं. त्यात म्हाताऱ्यांची सेवाशुश्रूषा करणाऱ्या मुली असतील, शिक्षिका असतील. २०२० मध्ये एका व्हिएतनामी प्रशिक्षणार्थी तरुणीनं परत पाठवतील या भीतीनं गरोदरपण लपवलं, खोलीत एकटीनं मृत जुळ्यांना जन्म दिला, आणि वर तिच्यावरच खटला भरला गेला. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला निर्दोष सोडलं, तोवर सव्वादोन वर्षं गेली होती. तेव्हा तुमच्या गावातली एखादी मुलगी करार घेऊन आली, तर पेढा खाण्याआधी तो वाचायला मागा. मालक कोण, कंपनी की संस्था? आठवड्याचे तास नेमके किती आणि रिकाम्या तासाला काय म्हटलंय? आरोग्यविमा कुठला, कंपनीचा की पालिकेचा? सुटीच्या महिन्यात पगार किती? करार न वाढवण्याची कारणं लिहिली आहेत का? दिवस गेले तर काय, हे तोंडी सांगितलंय की कागदावर? करार जपानीत असेल तर सही करण्याआधी मराठीत मागा. आणि जिथं जाणार त्या शहरातल्या युनियनचा फोन नंबर तिच्या पासपोर्टच्या पाकिटात लिहून ठेवा, एजंटाच्या नंबराच्या वर.