टसरचे रंगीत पेळू आणि घरच्या श्रमाचे मोल

गृहोद्योग हा शब्द आपल्याकडे इतक्या कौतुकाने उच्चारला जातो, की त्यामागचा हिशेब विचारणे काहीसे असभ्यपणाचे मानले जाते. पापड, लोणची, शिवणकाम, बिड्या, यांपैकी काहीही असो; बाईला घरबसल्या चार पैसे मिळतात, चूलही सांभाळली जाते, मग तक्रार कसली, असा एकंदर सूर असतो. या चार पैशांसाठी किती तास खर्ची पडले, माल कोणाच्या मालकीचा होता आणि पाचवा पैसा कोणाकडे गेला, हे प्रश्न सत्काराच्या भाषणांत बसत नाहीत. पूर्व विदर्भात आता टसर रेशमाच्या तंतूंना घरी रंग देऊन ते सूतकताईसाठी विकण्यासारख्या उद्योगाचा विचार करावयाचा असेल, तर हे प्रश्न आधीच विचारून घेतलेले बरे.

उदाहरणादाखल गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यातले बोदलकसा घ्यावे. १९१७ च्या सुमारास, इंग्रजी अमदानीत, येथे मातीचा बांध घालून मोठा तलाव करण्यात आला. भोवती टेकड्या आणि जंगल. नागझिऱ्याचे अभयारण्यही येथून फार दूर नाही. पक्षी पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांसाठी पर्यटन महामंडळाने निवासाची सोय केली आणि त्या निमित्ताने गावाचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले. प्रवाशाच्या नजरेला जे केवळ हिरवे रान दिसते, ते अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर एक कोठार आहे. ऐन हा टसरच्या अळीचा मुख्य आहार. पळसाची फुले म्हणजे पिवळा-नारिंगी रंग. त्याच पळसाच्या फांद्यांवर लाखेचा किडा पोसला जातो आणि त्यापासून किरमिजी रंग मिळतो. हिरड्यातील तुरट द्रव्य रंग धरून ठेवण्यास मदत करते, आणि लोखंडाच्या पाण्याशी त्याचा संयोग झाला की राखाडीपासून काळ्यापर्यंतच्या छटा उतरतात. तंतू, रंग आणि पाणी, या तिन्ही गोष्टी एकाच पट्ट्यात आढळाव्यात हा योग सामान्य नव्हे.

टसरला या भागात कोसा म्हणतात. धीवर समाजातील कुटुंबे ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडतात, पाखरे, मुंग्या आणि खारी यांपासून त्यांची राखण करतात, आणि पावसाळ्यानंतरच्या मुख्य पिकाचे कोष दिवाळीच्या पुढे बाजारात येतात. भंडारा जिल्ह्यातील मोहाडी-आंधळगावचे आणि नागपूरचे कोष्टी या धाग्यापासून जे लुगडे विणतात, त्याच्या किनारीवरील करवतीच्या दात्यांमुळे त्याला करवतकाठी हे नाव पडले. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. रानातील अळीपासून मागावरील वस्त्रापर्यंतची ही साखळी जुनी आहे. मात्र तिच्या मधल्या कड्यांत ज्या बायका आहेत, त्यांचा उल्लेख क्वचित होतो.

पिढ्यान्‌पिढ्या या बायकांनी मांडीवर धागा काढला आहे. सोड्याच्या पाण्यात शिजवून मऊ केलेल्या चार-पाच कोषांचे तंतू एकत्र ओढावयाचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने घासून त्यांना पीळ द्यावयाचा, अशी ही रीत. कातडी सोलवटते, पाठ वाकते, आणि दिवसअखेर हाती येणारे सूत मूठभर असते. रांचीच्या केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्थेची स्थापना १९६४ सालची. परंतु मांडीवरील कताई मार्च २०२० पर्यंत देशातून हद्दपार करण्याचा संकल्प केंद्र सरकारने जाहीर केला, तो २०१९ मध्ये. त्यासाठी ‘बुनियाद’ नावाची यंत्रे वाटण्यात आली. उशिरा का होईना, हे पाऊल योग्यच होते.

यंत्राने अखंड धागा निघतो तो न फुटलेल्या कोषातून. बीजासाठी राखलेल्या कोषातून पतंग भोक पाडून बाहेर पडतो, आणि त्या कोषाचा तंतू जागोजागी तुटलेला असतो. शिवाय धागा काढताना उरणारा गुंताडा असतो, कोषाच्या देठाचा भाग असतो. हा सारा माल धागा काढणाऱ्याच्या दृष्टीने उरलासुरला. त्यापासून घिचा, कटिया अशी जाडेभरडी सुते काढली जातात. परंतु हाच उरलासुरला माल स्वच्छ करून, त्यातील डिंक काढून, विंचरून त्याचे पेळू केले, तर हातकताई करणाऱ्याला तो उत्तम कच्चा माल ठरतो. कापसाचा पेळू गांधीयुगातील प्रत्येक घराला ठाऊक होता; रेशमाचा पेळू मात्र आपल्या कल्पनेत फारसा शिरलेला नाही.

युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे टकळीवर किंवा चरख्यावर हौसेने सूत काढणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. गरज म्हणून सोडलेले काम छंद म्हणून पुन्हा हाती घेण्याची ही चैन सुखवस्तू समाजालाच परवडते, हे खरे. पण त्या छंदामुळे घराघरांत हाताने रंगवलेली लोकर आणि रेशीम विकणारे छोटे धंदे तेथे उभे राहिले आहेत. एका हंड्यात मावेल एवढाच माल रंगवावयाचा, प्रत्येक घाण्याची छटा वेगळी ठेवावयाची, आणि हे वेगळेपण हेच विक्रीचे कारण सांगावयाचे, अशी त्यांची पद्धत असते. या बाजारात टसरचे पेळूही विकले जातात. त्यांतला पुष्कळ माल चीनमधील ओकच्या पानांवर पोसलेल्या अळीचा असतो. ऐनावर वाढलेल्या आपल्या कोशाला तेथे जागा नाही असे नव्हे. ती मिळवण्याचा प्रयत्न मात्र तोकडा आहे.

रंगाईचे काम बाहेरून दिसते तितके सोपे नाही. टसरला मुळात तांबूस-सोनेरी झाक असते, त्यामुळे फिक्या छटा त्यावर मळकट दिसतात. तुतीच्या रेशमाइतका तो रंग सहजपणे शोषून घेत नाही. पाणी खळखळून उकळले तर मोकळ्या तंतूंचा गोळा होतो. धागा गुंतला तर सोडवता येतो, पेळू बिघडला तर गेलाच. एका हंड्याची छटा दुसऱ्यात उतरावी असे वाटत असेल, तर तंतूचे, तुरटीचे आणि रंगद्रव्याचे वजन प्रत्येक वेळी लिहून ठेवावे लागते. अंदाजपंचे टाकलेल्या चिमटीवर हा व्यवसाय चालत नाही.

वनस्पतीजन्य रंगांविषयीही थोडा प्रामाणिकपणा हवा. पळसाच्या फुलांचा रंग देखणा, पण उन्हात तो उडतो. ग्राहकाला हे सांगूनच तो विकला पाहिजे. लाखेचा रंग तुलनेने पक्का. गोंदियाच्या परिसरात लाखेचा व्यापार जुना आहे, पण त्यात मोल आहे ते राळेला. लाखेच्या काड्या कुटून धुतल्या की जे लाल पाणी निघते, ते कारखान्यांच्या मोरीतून वाहून जाते. एकेकाळी हाच रंग ईस्ट इंडिया कंपनी जहाजांनी विलायतेस पाठवीत असे. १८५६ साली पर्किनला कृत्रिम जांभळा रंग गवसला, त्यानंतर कृत्रिम रंगांची रीघ लागली आणि हा व्यापार ओसरला. आज तेच पाणी एखाद्या घराच्या परसात कामी येऊ शकते. मात्र रासायनिक रंग वापरावयाचे ठरले, तर हंड्यातील उरलेले पाणी कोठे ओतावयाचे याचा निर्णय पहिल्या दिवशीच झाला पाहिजे. ज्या तलावावर शेतीचे ओलित आणि मासेमारी चालते, त्याच्या काठी हा प्रश्न दुय्यम मानता येत नाही. दोन-तीन घरांचे पाणी फारसे बिघडवणार नाही. धंदा चालला आणि घरे पन्नास झाली, तर?

आता हिशेबाकडे वळू. समजा, एका घाण्याला कोश, रंग, तुरटी, सरपण आणि बांधणी मिळून ९०० रुपये लागले आणि माल १२०० रुपयांस विकला गेला. घरची बाई म्हणेल, तीनशे सुटले. आता तास मोजा. कोश शिजवणे व उकलणे तीन तास, तुरटी देणे व रंगवणे चार तास, धुणे, वाळवणे, विंचरणे आणि वळकट्या बांधणे तीन तास, एकूण दहा. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे आठ तासांच्या दिवसाला तासी ३९ रुपये ठरला होता. दहा तासांचे ३९० रुपये होतात. म्हणजे सुटले ते तीनशे नव्हेत. रस्त्यावर खडी टाकणाऱ्या मजुराच्या तुलनेत नव्वद रुपये गमावले. हे आकडे कल्पित आहेत. परंतु चूक कल्पित नाही. घरच्या श्रमाला किंमत शून्य धरली, की कोणताही तोट्याचा धंदा नफ्याचा दिसू लागतो, आणि त्याच भ्रमावर मालाची किंमत खाली खेचली जाते. शेजारीण आणखी पन्नास रुपये कमी घेण्यास तयार असते, कारण तिच्याही वहीत तास हा रकाना नाही.

हा रकाना का नाही, याचे उत्तर घराबाहेर शोधण्याची गरज नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले; पुरुषांचा ८८ मिनिटे. जेथे पावणेपाच तासांचे काम मुळातच मोजले जात नाही, तेथे आणखी चार तासांची रंगाई त्यातच मिसळून गेली तर नवल नाही. घरबसल्या हा शब्दच फसवा आहे. त्या घरात बसलेले कोणीही नसते.

याहून गंभीर गोष्ट भांडवलाची. कोशाचा हंगाम थोडा, विक्री वर्षभर. ज्याच्याजवळ दिवाळीनंतर रोकड असते, तो वर्षाचा माल स्वस्तात भरून ठेवतो. ज्याच्याजवळ नसते, त्याला तोच माल महिन्या-महिन्याला उधारीवर घ्यावा लागतो. उधारी वाढली की व्यापारी म्हणतो, माल माझा, रंग माझा, तुम्ही फक्त रंगवून द्या, किलोमागे अमुक देईन. या क्षणी धंदा संपतो आणि मजुरी सुरू होते, जरी हंडा तोच आणि परसही तेच राहिले तरी. गोंदिया-तिरोड्याच्या पट्ट्याला हे नवे नाही. बिडीने पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवले आहे. पाने आणि तंबाखू दुसऱ्याची, घर आणि हात बाईचे. हजारी दर दुसऱ्याने ठरवावयाचा आणि ‘छाट’ म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे तिने गमवावयाचे. १९६६ चा बिडी कामगार कायदा झाला, त्यात घरी काम करणाऱ्यांचा समावेश झाला, तरी दराची ओढाताण थांबली नाही. घरकामगारांविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केलेल्या करारालाही भारताने मान्यता दिलेली नाही.

बचतगटांना बँका कर्ज देतात, हे उत्तर नेहमी पुढे केले जाते. नाबार्डची ही योजना १९९२ पासून चालू आहे आणि तिचे श्रेय कमी लेखण्याचे कारण नाही. अडचण हप्त्यांच्या वेळापत्रकाची आहे. दिवाळीनंतर कर्ज काढून कोश भरले, तर पुढच्याच महिन्यापासून हप्ता सुरू होतो. माल तर जूनपर्यंत हळूहळू विकला जाणार. मग पहिला हप्ता भरण्यासाठी कोशच विकावे लागतात, तेही पडत्या भावाने. पीककर्जाची फेड कापणीनंतर मागण्याची अक्कल बँकांना आली, कारण शेतकऱ्याच्या मागे राजकारण होते. परसातल्या हंड्याला तसा वाली नाही.

दुसरा अडसर रानाच्या हक्काचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची जी व्याख्या केली, तीत टसर, कोष आणि लाख यांची नावे स्पष्टपणे घातलेली आहेत. म्हणजे ज्या दोन वस्तूंवर हा उद्योग उभा राहावयाचा, त्या दोन्ही हक्काच्या यादीत आहेत. पण टसरचे कौशल्य ज्यांच्याजवळ आहे, तो धीवर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत नाही. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावयाचा तर १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. ऐनाच्या झाडाखाली आयुष्य काढणाऱ्याजवळ कागद कोठून येणार? ग्रामसभेने सामूहिक दाव्यात ऐन आणि पळसाच्या क्षेत्राचा उल्लेख आवर्जून केला, वृद्धांचे जबाब कायद्याने मान्य केलेला पुरावा म्हणून नोंदवले, तर वाट काहीशी सुकर होते.

तालुक्यातील शिक्षक, पतसंस्थांतील कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना येथे करण्याजोगे काम आहे, आणि ते भाषणाचे नाही. गटाच्या वहीत तासांचा रकाना आखून द्यावा. कोश किती आणला, डिंक काढल्यावर किती उरला, रंगवून किती विकला, ही तीन वजने प्रत्येक घाण्याला लिहिण्याची सवय लावावी. डिंकाबरोबर वजनाचा काही भाग पाण्यात जातो आणि तो किमतीत धरला नाही तर तोटा कळतही नाही. अशी एका हंगामाची वही बँकेच्या शाखेपुढे ठेवली, तर पहिला हप्ता सहा महिन्यांनी लावण्याची मागणी केवळ विनंती राहणार नाही. नव्या कोशांचा बाजार दिवाळीनंतर उघडतो. कर्जाची मंजुरी त्यापूर्वी हाती यावयाची असेल, तर अर्ज पोळ्याच्या सुमारास शाखेत पोहोचावयास हवा.