समाधानानं खोलीभाडं भागत नाही

'पैशापेक्षा समाधान महत्त्वाचं' हे वाक्य परभणीत मला ज्यांनी ज्यांनी ऐकवलं, त्यांतल्या बहुतेकांचा पगार ठरल्या तारखेला खात्यात पडतो. मला या वाक्याचा राग येतो. ते सल्ला म्हणून दिलं जातं आणि कमी पगाराचं समर्थन म्हणून वापरलं जातं.

'शिक्षणसेवक' हा शब्दच बघा. काम शिक्षकाचं, पण पहिली तीन वर्षं नाव सेवक आणि पगाराच्या जागी 'मानधन'. प्राथमिक शाळेत ते कित्येक वर्षं महिना ६,००० रुपये होतं. २०२३ मध्ये १६,००० झालं. त्या सहा हजारांत जिंतूर-पालमकडच्या शाळेवर जाणाऱ्या पोरानं खोलीभाडं, पेट्रोल आणि मेस यांतलं नेमकं काय सोडायचं होतं? लेकरांना शिकवण्याचा आनंद खराच होता. सरकारनं त्या आनंदाच्या नावावर पैसे वाचवले.

संशोधनाचा दाखला देणारेही भेटतात. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० मध्ये मांडलं की अमेरिकेत वर्षाला साधारण ७५,००० डॉलरच्या पुढे रोजचा आनंद वाढत नाही. लोकांनी तेवढंच पाठ केलं. २०२३ मध्ये त्याच कानेमन यांनी मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्यासोबत आकडे पुन्हा तपासले, तेव्हा बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर पुढेही वाढताना दिसला. थांबला तो आधीच फार दुःखी असलेल्यांचा. आणि जुनी मर्यादा खरी धरली, तरी सहा हजारवाला तिच्या आसपास तरी होता का?

'मग काय, सगळ्यांनी पुण्याला पळायचं?' असं मी म्हणत नाही. पुण्यातल्या पंचवीस हजारांतून कॉट, मेस, बस आणि दिवाळीचं ट्रॅव्हल्सचं तिकीट वजा करा. घरी राहून मिळणारे अठरा हजार कदाचित जास्त भरतील. वर रात्रीचे दोन तास उरतील, आईचं दवाखान्याचं बघता येईल. हे समाधान मला मान्य आहे, कारण ते हिशोब करून मिळालेलं आहे. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणत हरून परत येणं वेगळं आणि बेरीज-वजाबाकी करून इथंच राहणं वेगळं.

म्हणून मुलाखतीत कुणी 'आमच्याकडे कामाचा आनंद मिळतो' म्हणालं, तर बिनधास्त विचारा: हातात किती येणार, कोणत्या तारखेला, सुट्टी कधी? आनंदाचं आमचं आम्ही बघून घेऊ.