ॲनिमेशनच्या कोर्सला लाखो रुपये भरताय? आधी पेंट उघडा

महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2025मध्ये ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी धोरण मंजूर केलं. तरतूद 3,268 कोटी रुपयांची. मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीही सुरू झाली.

नांदेड-लातूरमध्ये मात्र अजून बारावीनंतर 'नीट' नाहीतर जेईई. ज्या पोराला चित्रांत रस आहे, त्याच्या मोबाइलवर पुण्या-मुंबईच्या महागड्या कोर्सच्या जाहिराती येतात. शेती किंवा दुकानावर चालणाऱ्या घराने ही फी भरायची की नाही, हे ठरवायचं कसं?

माझं मत: आधी दहा सेकंदांचं ॲनिमेशन पेंटमध्ये करून बघा.

सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. हाताने काढताना एक चित्र बहुधा दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे 12 चित्रं. नवख्याने 8 काढली तरी चालतं. दहा सेकंदांना 80.

पेंटमध्ये टाइमलाइन नाही. चित्र काढायचं, 001 नावाने सेव्ह करायचं, थोडा बदल करून 'सेव्ह ॲज' 002. फाइल पीएनजीच ठेवा. जेपीजीत रेघ दरवेळी मळकट होते आणि बादलीने रंग भरला की कडेला ठिपके उरतात. नव्या पेंटमध्ये 2023पासून लेयर्स आहेत, त्यामुळे जुनं चित्र खाली ठेवून वर नवं काढता येतं. (याच पेंटला 2017मध्ये मायक्रोसॉफ्ट निरोप द्यायला निघालं होतं. लोकांनी ओरड केली, म्हणून वाचलं.) शेवटी जिंप या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइल्स लेयर म्हणून उघडून जिफ बनवायची.

खरी मेख अंतरात आहे. उडणारा चेंडू वर पोहोचताना चित्रं जवळजवळ हवीत, जमिनीकडे येताना लांब लांब. सगळी अंतरं सारखी ठेवली की चेंडूला वजनच राहत नाही. माझा पहिला चेंडू फुगा झाला होता.

हे काम कंटाळवाणं आहेच. दादासाहेब फाळकेंनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज एक फ्रेम घेत टिपली होती आणि ती फिल्म दाखवून भांडवल मिळवलं होतं.

80 चित्रं पूर्ण झाली, तर पुढे क्रिटा किंवा पेन्सिल टूडी वापरा. दोन्ही मोफत आहेत. तरीही कोर्स हवाच असेल, तर ती जिफ घेऊन जा आणि काउन्सेलरला विचारा: पहिल्या तीन महिन्यांत विद्यार्थी हाताने किती चित्रं काढतात? ती बघायला मिळतील का?