झिरोचा हिशोब

सुट्टीत गोवंडीला घरी गेलो तर ताईच्या तीन वर्षांच्या पोरीसाठी रात्रभर झिरोचा बल्ब चालू! "अरे, झिरो आहे तो, बिल येत नाही," इति आई. आता इंजिनिअरिंगला असलेल्या पोराने गप्प बसायचं? अहो, हा झिरो साधारण 15 वॅटचा असतो! जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा कमी लोड धड नोंदलाच जायचा नाही, म्हणून ते नाव. आताचा इलेक्ट्रॉनिक मीटर सगळं मोजतो. रोज 10 तास म्हणजे महिन्याला साडेचार युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी फक्त 0.15 युनिट खातो.

पण माझं खरं भांडण रंगाशी आहे. एलईडी मागितला की दुकानदार निळा किंवा पांढराशुभ्र पुढे करतो. झोपेला लागणारं मेलाटोनिन निळसर उजेडात जास्त दबतं, लाल-पिवळ्यात कमी. एकाच खोलीत आम्ही सहाजण झोपतो, वर बाबांची पहाटेची शिफ्ट. म्हणून मंद पिवळा दिवा घेतला आणि मोरीजवळ कपाटाच्या आडोशाला लावला. पोरीचा हात पोहोचत नाही, पायाखालचं तेवढं दिसतं.

पहिल्या रात्री ती थोडी रडली, खोटं कशाला सांगू! तिसऱ्या रात्री शांत झोपली. जुना बल्ब मात्र आईने टाकला नाही, गणपतीच्या मखराला ठेवलाय.