कलमा : साक्ष कोणाची?

१/१३
‘ज्याच्या नाण्यावर कलमा तो धर्मवेडा, ज्याने तो काढला तो उदार.’ मध्ययुगीन इतिहासावरील चर्चांत हे समीकरण वारंवार भेटते. ते एकदा लावून पाहू. शाहजहानच्या रुपयावर कलमा आहे. औरंगजेबाने गादीवर येताच तो काढून टाकला. मग औरंगजेब उदार ठरतो काय? माझ्या मते चूक समीकरणाच्या मुळाशीच आहे. कलमा म्हणजे काय, हे समजून न घेताच आपण तो मोजपट्टी म्हणून वापरतो. आजचा धागा त्याविषयी.

२/१३
वाक्य छोटे आहे : ‘ला इलाह इल्लल्लाह, मुहम्मदुर् रसूलुल्लाह.’ अल्लाहवाचून दुसरा कोणी उपास्य नाही. मुहम्मद हे अल्लाहचे प्रेषित आहेत. श्रद्धेची घोषणा म्हणून ते उच्चारताना आरंभी ‘अश्हदु’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ ‘मी साक्ष देतो’. म्हणूनच या घोषणेला ‘शहादा’ म्हणतात. न्यायालयातील साक्षीलाही अरबीत हाच शब्द आहे आणि मराठीत रुळलेला ‘शहीद’ त्याच धातूतून आला आहे.

३/१३
वाक्याची सुरुवात नकाराने होते, हे लक्षात घ्या. ‘ला’ म्हणजे ‘नाही’. मक्केतील लोकांना अल्लाह हे नाव नवे नव्हते. विश्वाचा निर्माता कोण, असे विचारल्यास तेही अल्लाहचेच नाव घेतील, असे कुरआनच सांगते. वाद होता तो त्याच्या जोडीने पूजल्या जाणाऱ्या इतर दैवतांचा. त्यामुळे वाक्याचा सारा भार त्या पहिल्या ‘ला’वर आहे. आधी सगळे उपास्य नाकारायचे आणि मग एकाचा अपवाद करायचा, अशी ही रचना आहे.

४/१३
उत्तरार्धाचा अर्थ पुष्कळदा उलटा घेतला जातो. पैगंबरांना देवाच्या शेजारी बसवण्यासाठी तो नाही. त्यांचे स्थान आखून देण्यासाठी आहे. नमाजात बसून जी साक्ष म्हटली जाते तिच्यात मुहम्मद हे अल्लाहचे ‘अब्द’ आणि ‘रसूल’, म्हणजे दास आणि प्रेषित, असे दोन शब्द येतात. आधी दास, मग प्रेषित. ज्याच्यामार्फत संदेश आला तो आदरणीय खरा. पण उपास्य नव्हे.

५/१३
ही सीमारेषा किती नाजूक आहे, ते महमूद गझनवीच्या एका नाण्यावरून कळते. महमूदपूर, म्हणजे लाहोर, येथील टांकसाळीत हिजरी ४१८ (इसवी सन १०२७) च्या सुमारास पडलेल्या या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस अरबी कलमा आहे आणि दुसऱ्या बाजूस त्याचे संस्कृत रूपांतर : ‘अव्यक्तमेकं मुहम्मद अवतार नृपति महमूद’. अल्लाहसाठी ‘अव्यक्त’ हा शब्द योजला, तो समर्पक वाटतो. पण ‘रसूल’साठी ‘अवतार’? देव स्वतः देह धारण करतो ही कल्पनाच कलम्याला अमान्य आहे. शिवाय मूळचा नकार भाषांतरात गळून पडला. मूर्तिभंजक म्हणून ख्यात असलेल्या सुलतानाच्या टांकसाळीतून हे नाणे बाहेर पडले, हे विशेष.

६/१३
मुळात कलमा नाण्यावर आला कधी? आरंभीच्या अरब राज्यात बायझंटाइन आणि सासानी घडणीची, चित्रे असलेली नाणी चालत. उमय्यद खलिफा अब्दुल मलिक याने दीर्घ यादवीनंतर सत्ता सावरली. जेरुसलेमच्या घुमटवास्तूवरील लेखांत (६९१-९२) त्याने एकेश्वराची ग्वाही कोरवली आणि ६९६-९७ मध्ये चित्र नसलेला, केवळ अक्षरांचा सोन्याचा दिनार काढला. त्याच्या मध्यभागी कलम्याचा पूर्वार्ध आहे. पण ‘अश्हदु’ नाही. साक्ष देणारा ‘मी’ गळला आणि व्यक्तीची साक्ष राज्याची मुद्रा झाली.

७/१३
मुद्रेची नक्कल होऊ शकते. साक्षीची होत नाही. इंग्लंडमधील मर्सियाचा ख्रिस्ती राजा ऑफा याचे एक सोन्याचे नाणे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते हिजरी १५७ (७७३-७४) च्या अब्बासी दिनाराची प्रतिकृती आहे. त्यावर कलमा आहे आणि अरबी ओळींच्या मध्ये लॅटिन अक्षरांत ‘ऑफा रेक्स’ म्हणजे ‘राजा ऑफा’. अरबी सुलट धरले की राजाचे नाव उलटे दिसते! कोरणाऱ्याला अरबी येत नव्हते, हे उघड आहे. नाण्यावरील कलम्याने माणसाची श्रद्धा ठरत असती, तर ऑफाला मुसलमान म्हणावे लागले असते.

८/१३
मग श्रद्धा ठरवायची कशाने? हा प्रश्न मुस्लिम समाजात पहिल्याच शतकात रक्तरंजित झाला. ६५७ च्या सिफ्फीनच्या लढाईनंतर खारिजी नावाचा गट फुटून निघाला. घोर पाप करणारा श्रद्धावान राहतच नाही, मग तो कितीही वेळा कलमा म्हणो, अशी त्यांची भूमिका होती. ६६१ मध्ये खलिफा अली यांची हत्या एका खारिजीनेच केली. याच्या विरोधात ‘निवाडा ईश्वरावर सोपवा’ म्हणणारा मुर्जिया हा प्रवाह उभा राहिला. इमाम अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांचे मतही असे की मनाची मान्यता आणि जिभेची कबुली म्हणजे ईमान. पापाने माणूस धर्माबाहेर जात नाही.

९/१३
हदीस परंपरेत एक प्रसंग सांगितला जातो. लढाईत एका शत्रूने ऐन क्षणी कलमा उच्चारला, तरी पैगंबरांचे तरुण सहकारी उसामा यांनी त्याला मारले. त्याने तो शस्त्राच्या भीतीने म्हटला, असे त्यांचे समर्थन होते. त्यावर पैगंबरांनी संतापून विचारले की, तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस काय? माझ्या मते शहादेचा अर्थ समजून घेण्यास हा प्रसंग सर्वांत उपयोगी आहे. साक्ष ऐकणाऱ्याचा अधिकार शब्दापाशी संपतो.

१०/१३
म्हणून प्रत्यक्ष इतिहास या तत्त्वाबरहुकूम चालला, असे मात्र नाही. ‘मी साक्ष देतो’ म्हणणाऱ्याला करांपासून वारशापर्यंत ऐहिक परिणाम होते, म्हणून लाभाने किंवा दबावानेही कलमे म्हटले गेले. एकदा दिलेली साक्ष मागे घेणाऱ्यास शास्त्रकारांनी कठोर शिक्षा सांगितली. हे लपवून कलम्याचे गोडवे गाणे जितके अप्रामाणिक, तितकेच हे दाखवून कलम्याचा अर्थच ‘तलवार’ आहे असे म्हणणेही.

११/१३
आता पुन्हा मुघलांकडे. अकबराने पुढच्या काळात कलमा काढून ‘अल्लाहु अकबर, जल्ल जलालुहू’ हा मजकूर आणला. त्यामागे त्याचा वेगळा धर्मविचार होता. शाहजहानने कलमा ठळकपणे मिरवला. १६५९ च्या सुमारास औरंगजेबाने तो बंद केला, कारण नाणी पायदळी येतात, अन्यधर्मीयांच्या हाती जातात आणि पवित्र वचनाची विटंबना होते. अकबर आणि औरंगजेब यांची कृती एकच. हेतू दोन टोकांचे. नाणे पाहून मन वाचता येत नाही, ते असे.

१२/१३
त्याच औरंगजेबाच्या कारकीर्दीत, १६६० च्या सुमारास, दिल्लीत दारा शुकोहच्या स्नेहातला फकीर सरमद याला मृत्युदंड झाला. परंपरा सांगते की उलेमांनी कलमा म्हणण्यास फर्मावले, तेव्हा तो ‘ला इलाह’ एवढेच म्हणून थांबला. मी अजून नकारातच बुडालो आहे, होकारापर्यंत पोचलो नाही. मग खोटे कसे बोलू, हे त्याचे उत्तर. कथेचा तपशील दंतकथेचा असेल, पण तिचा रोख अचूक आहे. ज्या दरबाराने कलम्याची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून तो नाण्यावरून उतरवला, त्याच दरबाराने एका माणसाला त्याची साक्ष त्याच्या परीने देऊ दिली नाही. सरमदची कबर आज दिल्लीच्या जामा मशिदीलगत आहे.

१३/१३
माझे म्हणणे एवढेच : नाण्यावरचा, निशाणावरचा, वास्तूवरचा कलमा राज्याविषयी बोलतो. सत्ता कोणाची, तिला कोणाची मान्यता हवी आहे, कोणत्या प्रतिस्पर्ध्याला उत्तर द्यायचे आहे, हे त्यातून शोधावे. ओठांवरचा कलमा एका माणसाविषयी बोलतो आणि त्याची खरीखोटी पारख इतिहासकाराच्या हाती नाही. पुढच्या वेळी कोणी नाण्याचे छायाचित्र टाकून राजाच्या धर्मवेडाचा किंवा औदार्याचा निवाडा दिला, तर त्याला साल, टांकसाळ आणि कारण विचारा.