‘जरा फिरून ये’ हा उपचार केव्हा होतो?

घरात कोणी बरेच दिवस खिन्न दिसले, की वडीलधारी माणसे म्हणतात, “नुसता बसून काय राहतोस? ऊठ, जरा फिरून ये.” आता मानसोपचारतज्ज्ञही नैराश्याच्या, म्हणजे डिप्रेशनच्या, रुग्णांना व्यायाम सुचवितात. मग आजोबांचेच खरे ठरले. तज्ज्ञ हवेत कशाला? माझ्या मते ही समजूत अर्धवट आहे, आणि म्हणूनच घातक आहे.

प्रथम पुरावा पाहू. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात जेम्स ब्लुमेन्थल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५० वर्षे व त्यापुढील वयाच्या १५६ नैराश्यग्रस्त रुग्णांवर केलेला प्रयोग १९९९ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला औषध, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला दोन्ही. १६ आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळजवळ सारखीच सुधारणा दिसली. औषधाचा गुण मात्र लवकर दिसू लागला होता.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “पण काहीच उपचार न मिळालेला गट कोठे आहे?” शंका अगदी रास्त आहे. काही रुग्ण कालांतराने आपोआपही सुधारतात. म्हणून याच संशोधकांनी पुढच्या प्रयोगात २०२ रुग्ण घेतले व एका गटाला औषधासारखीच दिसणारी, पण औषधी गुण नसलेली गोळी दिली. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या गोळीनेही शेकडा ३१ रुग्ण बरे झाले! औषधाने ४७, देखरेखीखालील व्यायामाने ४५ आणि घरच्या घरी केलेल्या व्यायामाने ४०. व्यायामाचा उपयोग दिसतो. जादू मात्र दिसत नाही.

आता या रुग्णांनी व्यायाम कसा केला ते पाहा. पहिल्या प्रयोगात आठवड्यातून ३ वेळा, प्रत्येक वेळी ३० मिनिटे भरभर चालणे किंवा धावणे; नाडीचे ठोके किती असावेत हेही ठरलेले; सोबत इतर रुग्ण आणि लक्ष ठेवणारा प्रशिक्षक. औषधाला असते तशी येथे मात्रा होती. “जरा फिरून ये” या सल्ल्यात यातले काय आहे?

शिवाय उत्साह आटणे, थकवा येणे, अंथरुणातून उठणेही जड होणे, ही तर या विकाराचीच लक्षणे आहेत. अशा माणसाला नुसते “ऊठ” म्हणणे म्हणजे पाय मोडलेल्याला चालून दाखव म्हणण्यासारखे आहे. त्याला जमत नाही आणि आपण आळशी आहोत ही बोचणी तेवढी वाढते. जाणता तज्ज्ञ म्हणूनच आरंभी फार थोडे मागतो: आज दारापर्यंत, चार दिवसांनी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, आणि बरोबर कोणीतरी.

हे ‘कोणीतरी’ होणे तुम्हांला सहज शक्य आहे. वर्गातला मित्र दोन आठवडे गप्प गप्प असेल, खेळायला येत नसेल, तर त्याला उपदेश करू नका. त्याच्या घरी जाऊन त्याला बरोबर घेऊन निघा. चार पावले चालून तो परत फिरला तरी चालेल. मात्र शिक्षकांना किंवा घरच्यांना सांगण्यास विसरू नका. जीव नकोसा झाल्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर तेथे व्यायामाची वाट पाहावयाची नाही. त्याला एकटे न सोडता त्याच क्षणी मोठ्यांना बोलवा. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

आणि शिक्षक बंधुभगिनींनो, जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सांगते. दहावीच्या वर्गाचा खेळाचा तास गणिताला देताना एवढा आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवाल काय?