ज्याचा माल, त्याचा ड्रायव्हर

मालवाहतूकदारांच्या आंदोलनांत गेली काही वर्षे एक घोषणा हमखास ऐकू येते : ज्याचा माल, त्याचा हमाल. वाराईचा भुर्दंड गाडीवाल्याने का सोसायचा, माल ज्याचा त्याने तो चढवण्या-उतरवण्याचे पैसे मोजावेत, एवढाच तिचा अर्थ. मागणी रास्त आहे. पण तिचा तर्क हमालापाशी येऊन का थांबतो? त्याच मालासाठी गोदामाच्या दारात दिवसभर ताटकळलेला ड्रायव्हर मग कोणाचा?

सोलापुरात हा प्रश्न भवानी पेठेत उभे राहून विचारावा. सूत आणि चादरी-टॉवेलच्या गाठी यांवर जगणाऱ्या या भागात गल्ल्या हातगाडीच्या काळातल्या आणि गाड्या मात्र दहा-बारा चाकी. शहरात जड वाहनांना दिवसा वेळेचे बंधन आहे आणि ते असायलाच हवे. जड वाहनांखाली सापडून या शहराने कितीतरी माणसे गमावली आहेत. मात्र त्या बंधनाची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. गाडी नाक्याबाहेर थांबते. आत यायची वेळ झाली की गोदामात जागा नसते, जागा झाली की हमालांची पाळी संपलेली असते, हमाल आले की बिल्टी तयार नसते. गाडी भरून ताडपत्री-दोरी होईपर्यंत रात्र होते. मग ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कचेरीतून बजावले जाते : सकाळी हैदराबादला खाली झाली पाहिजे. अंतर तीनशे किलोमीटर. दिवसभर स्टिअरिंगला हात लावला नाही म्हणून त्या माणसाची विश्रांती झाली, असा कंपनीचा हिशेब असतो. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांना टेकतो. त्या दिवसांत पत्र्याच्या केबिनमध्ये दुपार काढून पाहावी, म्हणजे ही विश्रांती काय चीज आहे ते कळेल.

या थांबण्याला मोल नाही, हेच सगळ्या तक्रारींचे मूळ आहे. बहुतेकांचा हिशेब खेपेवर. चाक फिरले तर पैसा. उलट कापायला कारणे भरपूर : डिझेल जास्त लागले, गाठ भिजली, नग कमी भरला, पोहोचायला उशीर झाला. नेमणूकपत्र नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही. हातात राहते ती ॲडव्हान्सची नोंद असलेली वही, आणि तीही मालकाच्या हस्ताक्षरातली. घरून बांधून घेतलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस टिकते म्हणून ढाब्याचा खर्च वाचतो, एवढाच काय तो सोलापूरकर ड्रायव्हरचा फायदा.

सेव्ह लाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांतील ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवत असल्याचे चालकांनी सांगितले. थकवा वा झोप असतानाही गाडी चालवतो, अशी कबुली जवळपास निम्म्यांनी दिली. आणि आपल्या नात्यातल्या कोणाला या धंद्यात या, असे सांगणार नाही, हे उत्तर होते ८४ टक्क्यांचे. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या वाहतूकदारांनी हा शेवटचा आकडा कचेरीत लावून ठेवावा.

कायदा नाही असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. लांब पल्ल्यासाठी परवानगीने दहा तास. परंतु पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायालाच तो लागू होता, आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालक रग्गड. ट्रान्सपोर्ट कंपनी भाडे स्वतःच्या नावावर घेते आणि माल भरते अशा किरकोळ मालकाच्या गाडीत. ड्रायव्हरने तक्रार केली की कंपनी मालकाकडे बोट दाखवते आणि मालक भाड्याच्या दराकडे. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. त्या संहितेत आस्थापनेच्या व्याख्येतला उंबरठा पाचाऐवजी दहा कामगारांचा आहे. ज्या जाळीतून आधीच मासे निसटत होते, तिची भोके मोठी करून ठेवली.

केबिनमधली माणसेही अशीच कमी होत गेली. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक हवेत आणि दुसऱ्याला आडवे होऊन झोपता येईल असे आसन हवे, अशी तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत होती. पाळली किती जायची हा वेगळा विषय. पण निदान कागदावर तरी झोपेची जागा होती. २०१८ मध्ये दोन चालकांची अट काढून टाकण्यात आली. राहता राहिला क्लीनर. जुलै २०२५ मध्ये ई-चलनाच्या दंडांविरोधात राज्यातल्या वाहतूकदारांनी संप केला, तेव्हा जड वाहनांवरची क्लीनरची सक्ती रद्द करा, हीसुद्धा एक मागणी होती. मालकाच्या बाजूने तिच्यात तथ्य असेल. गाडी मागे घेताना गल्लीत उतरून हात दाखवणारा, रात्री बोलत राहून ड्रायव्हरला जागे ठेवणारा माणूस मात्र त्या मागणीत एक खर्च होऊन बसला. वाहतुकीचा संप आणि ड्रायव्हरचा संप एक नव्हे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ड्रायव्हरांचा म्हणावा असा संप १ जानेवारी २०२४ ला झाला. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) विरुद्ध ते रस्त्यावर उतरले, पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या आणि दोन दिवसांत केंद्राला चर्चेला बसावे लागले. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली ती ते उपकलम वगळून. अपघातग्रस्ताला टाकून पळणे अक्षम्यच आहे. त्या मुद्द्यावर आम्ही ड्रायव्हरांच्या बाजूने नाही. तरीही शिक्षेची वर्षे मोजणाऱ्या सरकारने, त्या माणसाला सलग किती तास जागे ठेवले होते, ते तास मोजू नयेत, हे विपरीत आहे.

नव्या गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनलेल्या मध्यम आणि जड मालगाड्यांना. चांगले झाले. जुन्या गाड्या अजून कैक वर्षे धावणार आहेत, आणि गार हवेतही चौदा तास ते चौदाच तास.

आता हमालाकडे पाहा. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला. हमाल आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्याचा मालक ठरवायचा कसा, हाच तेव्हाचा पेच होता. कायद्याने तो मालक शोधण्याच्या फंदात न पडता सोडवला : मंडळ नेमले, ज्याचे काम त्याच्याकडून मजुरीसोबत लेव्ही घेतली आणि त्यातून निधी व सवलती उभ्या केल्या. माथाडी मंडळांत पुढे काय काय शिरले याची कल्पना आम्हाला आहे. मूळ युक्ती तरीही अस्सल होती, आणि ट्रकच्या केबिनला ती जशीच्या तशी लागू पडते. रिक्षा-टॅक्सी चालकांसाठी राज्याने २०२४ मध्ये कल्याणकारी मंडळ केले. ट्रकचालक तिथेही बाहेर. विजापूर रस्त्यावर टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडला की कर्नाटक. त्या राज्याने २०२४ मध्येच मोटार वाहतूक कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा कायदा करून वाहनांवरच्या उपकरातून निधीची सोय केली. केरळचा कल्याण निधी कायदा तर १९८५ चा.

जर्मनीत २०२३ च्या वसंतात फ्रँकफर्टजवळच्या ग्रेफेनहाउझेन थांब्यावर जॉर्जिया-उझबेकिस्तानच्या साठेक ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. पोलंडच्या मालकाने पैसे थकवले होते. कित्येक आठवडे ते हलले नाहीत आणि थकबाकी घेऊनच उठले. गाड्यांत माल कोणाचा, हा प्रश्न तिथे उघडपणे विचारला गेला, कारण पुरवठा साखळीतल्या कामगारांची जबाबदारी बड्या कंपन्यांवर टाकणारा कायदा त्याच वर्षी १ जानेवारीला तिथे लागू झाला होता. घोषणा आपली, अंमल त्यांचा!

सोलापुरात लगेच करता येण्यासारखे बरेच आहे. बाह्यवळणावर जड वाहनांसाठी सावली, पाणी, संडास आणि पहारा असलेला तळ हवा. गाड्या नाक्याबाहेर रोखणारी महापालिका हे अंग झटकू शकत नाही. गाडी किती तास धावली हे जीपीएस आणि फास्टॅग सांगतात. ती माहिती आज फक्त गाडीवर नजर ठेवायला वापरली जाते, कामगार खात्याने ती तास मोजायला मागावी. राहिला थांबण्याचा प्रश्न. बिल्टीवर पाठवणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्याचे असते, नग, वजन, गाडीचा क्रमांक, सगळे असते. गाडी दारात किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, यासाठी दोन रकाने वाढवावेत, त्यांवर माल देणाऱ्याची सही घ्यावी आणि ठरलेल्या वेळेपुढच्या प्रत्येक तासाचा दर बिल्टीच्या पाठीवर छापावा, त्यातला ड्रायव्हरचा हिस्सा वेगळा दाखवून. भवानी पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आणि ट्रान्सपोर्ट कंपन्यांनी मनावर घेतले तर याला मुंबई-दिल्लीच्या मंजुरीची गरज नाही. छापखाना पेठेतच सापडेल.